परिषदेला जाताना ओपीडीतला प्रश्न सोबत न्या

संगमनेर, श्रीरामपूर, पाथर्डी किंवा खुद्द नगर शहरात दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांच्या मोबाइलवर सीएमईची निमंत्रणं नवीन नाहीत. हृदयरोग, मधुमेह, बालरोग ही नावं सवयीची झाली आहेत. ‘फंक्शनल मेडिसिन’ हे नाव मात्र अनेकांना थबकायला लावतं. सोबतीला ‘रूट कॉज’, ‘गट हेल्थ’, ‘रिव्हर्सल’ असे शब्द असतात. ठिकाण पुणे, मुंबई, बेंगळुरू, कधी परदेश, तर कधी नुसती झूमची लिंक. सवलतीच्या शुल्काची मुदत परवा संपणार असते. जावं की न जावं, हे ठरवायला दोन ओपीडींच्या मधला अर्धा तास हाताशी असतो.

तो अर्धा तास सत्कारणी लावायचा, तर आधी हे प्रकरण काय आहे ते पाहू.

ही संज्ञा अमेरिकेतली. जेफ्री ब्लँड या जीवरसायनशास्त्रज्ञाने पत्नी सुझन यांच्यासह १९९१ साली ‘इन्स्टिट्यूट फॉर फंक्शनल मेडिसिन’ ही संस्था काढली. तिचं म्हणणं थोडक्यात असं: रोगाला नाव देऊन औषध लिहिण्यापूर्वी तो या माणसाला, याच वेळी का झाला, हे शोधावं. त्यासाठी आहार, झोप, ताण, आतड्यांचं आरोग्य, कामाचं स्वरूप हे सगळं एकत्र मांडावं. पुढे २०१४ मध्ये क्लीव्हलँड क्लिनिकसारख्या नामांकित रुग्णालयात डॉ. मार्क हायमन यांच्या पुढाकाराने या विषयाचं स्वतंत्र केंद्र सुरू झालं. गंमत अशी, की त्याच वर्षी अमेरिकेतल्या फॅमिली डॉक्टरांच्या संघटनेने, म्हणजे अमेरिकन अकॅडमी ऑफ फॅमिली फिजिशियन्सने, या विषयाच्या अभ्यासक्रमांना शिक्षणगुण देणं थांबवलं. पुरावा अपुरा आहे आणि काही उपचार घातकही ठरू शकतात, असा तिचा आक्षेप होता. २०१८ मध्ये तिने दार किलकिलं केलं, पण फक्त विषयाची ओळख करून देणाऱ्या सत्रांसाठी. उपचाराची तंत्रं शिकवणाऱ्या सत्रांना ते बंदच राहिलं.

एकाच देशातल्या दोन प्रतिष्ठित ठिकाणी इतक्या टोकाच्या मतभेदाचं चित्र असेल, तर नगरच्या डॉक्टरांनी भारावूनही जाऊ नये आणि नाकही मुरडू नये. ऐकायला जावं, पण कान उघडे आणि खिसा बंद ठेवून.

भारतातली कायदेशीर बाजू आधी स्पष्ट हवी. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या मान्यताप्राप्त पदव्युत्तर विषयांत फंक्शनल मेडिसिन नाही. म्हणजे दोन दिवसांच्या परिषदेचं, अगदी वर्षभराच्या ऑनलाइन अभ्यासक्रमाचं प्रमाणपत्र भिंतीवर लावता येईल, पण त्याच्या जोरावर स्वतःला या विषयाचा ‘स्पेशालिस्ट’ म्हणवून घेता येणार नाही. त्या शाखेची विशेष पात्रता नसताना तज्ज्ञ असल्याचा दावा करणं हा २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार गैरवर्तनाचा भाग आहे. बीएएमएस, बीएचएमएस डॉक्टरांच्या आणि आहारतज्ज्ञांच्या कौन्सिल वेगळ्या, नियमही वेगळे; त्यांनी आपापल्या कौन्सिलकडे विचारूनच पाटी रंगवावी.

त्याच आचारसंहितेत ॲलोपॅथिक डॉक्टरांनी पाच वर्षांत किमान ३० तास सततच्या वैद्यकीय शिक्षणाला द्यावेत, असं म्हटलं आहे. महाराष्ट्रात नोंदणीच्या नूतनीकरणाच्या वेळी या तासांचे गुण मोजले जातात. त्यामुळे निमंत्रणावर पहिली नजर वक्त्यांच्या फोटोंवर न जाता महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या मान्यतेच्या ओळीवर जायला हवी. ती ओळ नसेल, तर आयोजकांना फोन करून सरळ विचारावं: मान्यता मिळाली आहे का, किती गुण, कोणत्या दिवसाचे? ‘अर्ज केला आहे’ या उत्तराचा अर्थ ‘मान्यता नाही’ असाच धरलेला बरा. गुण नसले म्हणून परिषद टाकाऊ ठरत नाही, पण मग तो रविवार निव्वळ शिकण्यासाठी खर्च होणार, हे आधीच माहीत असावं.

आणि रविवार स्वस्त नसतो. नगर ते पुणे अंतर सुमारे १२० किलोमीटर. सुपे, शिरूर, रांजणगाव भराभर मागे पडतात आणि वाघोलीला गाडी मुंगीच्या पावलाने सरकू लागते. नऊच्या उद्घाटनाला पोचायचं तर पाचला घर सोडावं लागतं. (उद्घाटन चुकलं तरी काही बिघडत नाही, दीपप्रज्वलन आणि सत्कार संपेपर्यंत दहा वाजतातच.) गावात बाजाराचा दिवस असेल तर त्या दिवशी दवाखाना बंद ठेवणं म्हणजे आठवड्याच्या कमाईला कात्री. जवळच्या डॉक्टरांना सांगून ठेवणं, बाळंतपणाच्या किंवा अत्यवस्थ रुग्णांची नावं त्यांना देऊन ठेवणं, कंपाउंडरला फोन कधी करायचा आणि कधी नाही हे समजावणं, ही तयारी आदल्या दिवशीच व्हायला हवी.

ऑनलाइन परिषद सोपी वाटते. पण अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उन्हाळ्यात सकाळचे नऊ वाजतात, तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात. म्हणजे ऐन ओपीडीची वेळ. एका कानात इअरफोन आणि दुसऱ्या कानात स्टेथोस्कोप घालून कुठलंच ऐकणं होत नाही. रेकॉर्डिंग किती दिवस उपलब्ध राहील, हे विचारूनच पैसे भरावेत.

पैसे कुणी भरायचे, हा प्रश्न या विषयात जास्त नाजूक आहे. आचारसंहितेत डिसेंबर २००९ मध्ये घातलेल्या ६.८ या कलमानुसार औषध कंपन्या आणि आरोग्यक्षेत्राशी संबंधित इतर उद्योगांकडून डॉक्टरांनी भेटवस्तू, प्रवास, पाहुणचार, रोख रक्कम घ्यायची नाही. मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या औषधनिर्माण विभागाने कंपन्यांसाठी नवी संहिता जाहीर केली, तीत कंपन्यांनी परदेशात अशा परिषदा भरवायलाही मनाई आहे. त्याआधी फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपेक्स लॅबोरेटरीज प्रकरणात निकाल दिला: डॉक्टरांना दिलेल्या भेटींचा खर्च कंपनीला करातून वजा करता येणार नाही. त्या भेटी कशा होत्या? परिषदेचं शुल्क, सोन्याचं नाणं, टीव्ही, फ्रिज, लॅपटॉप. आणि कशासाठी? ‘झिंकोव्हिट’ या पोषणपूरक उत्पादनाच्या प्रचारासाठी. कर्करोगाच्या महागड्या इंजेक्शनसाठी नव्हे, जीवनसत्त्व आणि जस्ताच्या गोळीसाठी! फंक्शनल मेडिसिनच्या परिषदेत सगळ्यात जास्त गर्दी ज्या स्टॉलवर होऊ शकते, तिथला माल हाच.

शिवाय १ जुलै २०२२ पासून व्यवसायाच्या ओघात मिळालेल्या २० हजारांपेक्षा जास्त किमतीच्या लाभावर देणाऱ्याने दहा टक्के कर कापायचा आहे. म्हणजे ‘सर, तुम्ही फक्त या, बाकी आमच्याकडे’ हे वाक्य आता आयकर खात्याच्या नोंदीतही उमटू शकतं. स्वतःच्या खिशातून शुल्क भरावं, पावती घ्यावी, ती सीएकडे द्यावी. व्यावसायिक खर्च म्हणून तो दाखवता येतो.

आता कार्यक्रमपत्रिका. ती पीडीएफ उघडली की थेट शेवटच्या पानावर जावं, तिथे प्रायोजकांची बोधचिन्हं असतात. मग वक्त्यांची यादी पाहावी. कोणत्या वक्त्याची स्वतःची सप्लिमेंटची कंपनी आहे, कोणाची चाचणी-प्रयोगशाळा, कोणाचा लाखभराचा अभ्यासक्रम, हे इंटरनेटवर पाच मिनिटांत सापडतं. असा माणूस खोटंच बोलतो असं नाही. पण तो ‘प्रत्येक थकलेल्या रुग्णाची ही चाचणी करा’ म्हणाला, तर त्याच्या बोलण्यातून नफा वजा करून उरलेलं ऐकावं. तिसरी गोष्ट प्रश्नोत्तरांची वेळ. जेवणाच्या सुट्टीआधी वीस-वीस मिनिटांची आठ भाषणं आणि शेवटी ‘खुली चर्चा, ५ मिनिटं’ असेल, तर आयोजकांना चर्चा नको आहे. रुग्णांच्या केसेसवर कार्यशाळा असेल, छोट्या गटांत बसवणार असतील, तर शुल्क थोडं जास्त असलं तरी तिकडे जावं.

आणि सोबत काय न्यावं? आपले रुग्ण. म्हणजे त्यांची माहिती, तीही नावं काढून. लॅबच्या रिपोर्टच्या वरच्या पट्टीवर नाव, वय आणि बहुतेक वेळा मोबाइल नंबरही असतो. फोटो काढताना ती पट्टी झाकली नाही, तर स्लाइडवर सगळ्या सभागृहाला दिसते. रुग्णाची ओळख पटेल असं काहीही त्याच्या परवानगीशिवाय प्रसिद्ध करू नये, हेही आचारसंहितेतच आहे.

समजा, शेवगावच्या एका दवाखान्यात पंचेचाळिशीच्या बाई येतात. शाकाहारी, सहा वर्षांपासून मधुमेह, मेटफॉर्मिन चालू, पित्ताची गोळी रोज सकाळी उपाशीपोटी, तीही कुणीतरी एकदा लिहून दिली म्हणून अजून चालूच. तक्रार एकच: ‘डॉक्टर, अंगात त्राणच नाही, पायाला मुंग्या येतात.’ हिमोग्लोबिन फार वाईट नाही. टॉनिक दोनदा देऊन झालंय.

फंक्शनल मेडिसिनचं सर्वांत उपयोगी हत्यार इथे कामाला येतं, आणि त्याला एक पैसाही पडत नाही. त्या मंडळींचा ‘टाइमलाइन’चा कागद: जन्मापासून आजपर्यंत काय कधी घडलं, कोणतं औषध कधी सुरू झालं, तक्रार कधी. या बाईंच्या बाबतीत तो कागद भरला की तीन गोष्टी एका ओळीत येऊन उभ्या राहतात: शाकाहार, मेटफॉर्मिन, पित्ताची गोळी. पहिल्यात बी-१२ मुळात कमी मिळतं, उरलेल्या दोहोंमुळे त्याचं शोषण घटतं. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांचं बी-१२ अधूनमधून तपासावं, हे अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनांतच आहे. इथे आतड्यातल्या जिवाणूंच्या हजारो रुपयांच्या चाचणीची गरज नाही. एक बी-१२ ची तपासणी, आणि पित्ताची गोळी खरोखर लागते का हा एक प्रश्न पुरतो.

हा प्रश्न घेऊन परिषदेला गेलेला डॉक्टर आणि नुसती बॅग घेऊन गेलेला डॉक्टर, दोघं एकाच खोलीत बसूनही वेगळं ऐकतात. अशा तीन केसेस पुरेत. एक न सुटलेली, एक सुटली पण का सुटली ते न कळलेली, आणि एक अशी की जिला आपण दिलेलं औषध आपल्यालाच पटत नाही.

बी-१२ चा विषय निघाला की पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं नाव घ्यावंच लागतं. जानेवारी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ने एक छायाचित्र छापलं: शेजारी शेजारी याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय २२.३, म्हणजे तक्त्यानुसार दोघंही ठणठणीत. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. हडकुळ्या दिसणाऱ्या भारतीय माणसाला मधुमेह का होतो, या प्रश्नाला या एका चित्राने जगभर तोंड फुटलं. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत त्यांच्या गटाने गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. आईचं बी-१२ कमी आणि फोलेट जास्त असेल, तर मुलांमध्ये सहा वर्षांच्या वयात इन्सुलिनला प्रतिरोध जास्त दिसतो, हे त्यातून पुढे आलं. मूळ कारणाचा शोध याहून वेगळा काय असतो? परिषदेतला वक्ता ‘रूट कॉज’ म्हणेल, तेव्हा ही पट्टी लावून पाहावी: किती वर्षं, किती माणसं, आणि जिच्यात आपलं म्हणणं चुकीचं ठरू शकलं असतं अशी तपासणी केली का?

याच कसोटीने क्लीव्हलँडचा अभ्यासही वाचता येतो. २०१९ मध्ये तो ‘जामा नेटवर्क ओपन’मध्ये आला. फंक्शनल मेडिसिन केंद्रातल्या रुग्णांनी सांगितलेलं शारीरिक आरोग्य सहा महिन्यांनी नेहमीच्या केंद्रातल्या रुग्णांपेक्षा अधिक सुधारलं होतं. वर्षभरानंतर मात्र दोन गटांतला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. शिवाय ही चिठ्ठ्या टाकून केलेली विभागणी नव्हती. ज्यांना जावंसं वाटलं तेच रुग्ण त्या केंद्रात गेले होते. परिषदेत सहा महिन्यांची स्लाइड दिसेल. वर्षाची दिसली नाही, तर हात वर करावा.

‘डायबेटिस रिव्हर्सल’च्या सत्रात तर हात वर करायलाच हवा. तिथे तुलनेला ब्रिटनमधला ‘डायरेक्ट’ हा अभ्यास आहे: ४९ दवाखाने, सुमारे ३०० रुग्ण, कित्येक आठवडे रोज साधारण ८५० कॅलरींचा द्रव आहार. वर्षाअखेर उपचार गटातल्या ४६ टक्क्यांचा मधुमेह औषधाविना आटोक्यात होता, दोन वर्षांनी ३६ टक्क्यांचा. आकडे भारी आहेत. पण त्यात घेतलेले सगळे रुग्ण सहा वर्षांच्या आत निदान झालेले, इन्सुलिन न घेणारे आणि जाड होते. वक्त्याला चार प्रश्न विचारावेत: सुरुवातीला किती होते, मध्येच किती सोडून गेले, औषध थांबवून किती महिने झाले, आणि मधुमेह किती जुना होता? औषधं बंद करून किमान तीन महिन्यांनी एचबीए१सी ६.५ च्या खाली असेल, तरच त्याला ‘रेमिशन’ म्हणावं, अशी २०२१ ची आंतरराष्ट्रीय सहमती आहे. औषध चालू ठेवून कमी झालेली साखर म्हणजे औषधाचा गुण.

दुपारच्या जेवणाची रांग स्टॉलमधूनच जाते, ही रचना योगायोगाची नसते. थाळी हातात घेऊन उभ्या असलेल्या डॉक्टरांसमोर पावडरचा डबा येतो. पुढच्या बाजूला पान, फूल, आणि ‘डिटॉक्स’. डबा उलटा करावा. मागे बारीक अक्षरात एफएसएसएआयचा परवाना क्रमांक आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ अशी सूचना सापडते. आरोग्यपूरक आहाराच्या वेष्टनावर ती छापणं नियमाने सक्तीचं आहे. जे स्वतःला औषध म्हणवून घेत नाही, ते औषध म्हणून लिहून देताना डॉक्टरांनी दोनदा विचार करावा.

पलीकडच्या स्टॉलवर अन्नाची ‘संवेदनशीलता’ सांगणारी रक्तचाचणी असेल: एका नमुन्यात शंभर-दोनशे पदार्थ, लाल-पिवळ्या-हिरव्या पट्ट्या. ही चाचणी आयजीजी प्रतिपिंडं मोजते. तो पदार्थ आपण खाल्ला होता, एवढंच त्यांचं असणं सांगतं. युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्ये, अमेरिकेतल्यांनी २०१० मध्ये आणि कॅनडातल्यांनी २०१२ मध्ये ती वापरू नका असं सांगितलं आहे. या रिपोर्टवरून गहू, दूध, शेंगदाणे आणि तूरडाळ बंद केलेलं पोर शेवटी दवाखान्यातच येतं, कुपोषित होऊन.

नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, हा समज स्टॉलवर पुन्हा पुन्हा कानी पडेल. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली, वनस्पती ओळखण्यात गफलत झाली असावी असं म्हटलं. वाद राहू द्या. रुग्ण काय काय घेतो हे विचारायला हवं, एवढं तरी दोन्ही बाजूंना मान्य व्हावं. केसांसाठी घेतलेल्या बायोटिनचंही तसंच. मोठ्या मात्रेत ते घेतलं, तर काही यंत्रांवर टीएसएच खोटं कमी आणि टी-फोर खोटं जास्त दिसतं, म्हणजे नसलेला हायपरथायरॉइडिझम कागदावर उभा राहतो. हृदयविकाराच्या ट्रोपोनिन चाचणीतही गोंधळ होतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याबद्दल २०१७ मध्ये इशारा दिला होता. सप्लिमेंटवरच्या एखाद्या सत्रात हे सांगितलं गेलं, तर ते सत्र वसूल.

आहाराच्या सत्रात किनोआ, ॲव्होकाडो, ब्लूबेरी येणार. वहीत त्यांच्या शेजारी आपल्याकडचं लिहीत जावं. हुलग्याचे शेंगोळे, मटकी, बाजरीची भाकरी, जवसाची आणि कारळाची चटणी नगरकरांना विकत शिकावी लागत नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंना देशी बियाणं जपल्याबद्दल २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या बियाणे बँकेत जे आहे, त्यातून अख्खा आहारतक्ता निघेल.

परत आल्यावरचा सोमवार धोक्याचा. उत्साह ताजा असतो आणि रुग्ण समोर असतात. लगेच कर्बोदकं कमी करायला, दोनदाच जेवायला सांगायचा मोह होतो. खरं तर कित्येक रुग्ण आधीच करून आलेले असतात: ‘दीक्षित सरांचं दोन वेळच्या जेवणाचं सुरू केलंय, गोळी चालू ठेवू का?’ उत्तर तयार हवं. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना जेवण घटवलं, तर साखर घसरून माणूस कोसळू शकतो. आधी त्यांची मात्रा ठरवावी, मग ताट. एसजीएलटी-२ गटातली औषधं चालू असताना कर्बोदकं फार तोडली, तर साखर फारशी वाढलेली नसतानाही कीटोॲसिडोसिस होऊ शकतो. एकादशी, श्रावणी सोमवार, पर्युषण, रमजान यांची नोंद टाइमलाइनच्या त्या कागदावर असावीच. साबुदाण्याच्या खिचडीचा उपास आणि निरंकार उपास साखरेला सारखे नसतात.

तेव्हा पहिल्या महिन्यात एकच बदल करावा. सर्वांत निर्धोक बदल वेळेचा: आठवड्यातून दोन दुपारी जुनाट तक्रारींच्या रुग्णांना अर्धा-अर्धा तास द्यावा, त्याची फी उघड सांगावी, आणि टाइमलाइन भरून घ्यावी. पाथर्डी-जामखेडकडच्या ऊसतोड कुटुंबांसाठी हा कागद वेगळा वाचावा लागेल. दिवाळीनंतर सहा महिने कोपीवर राहणाऱ्या, पहाटे तीनला उठणाऱ्या बाईच्या थकव्याचं मूळ आतड्यात शोधत बसू नये. ‘मधुमेह बरा करतो’ असा फलक मात्र लावू नये. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्याच्या परिशिष्टात मधुमेह, लठ्ठपणा, रक्तदाब हे सगळे आहेत, आणि असे आजार बरे करणाऱ्या औषधाची जाहिरात हा गुन्हा आहे. रुग्णांचे ‘आधी-नंतर’चे फोटो स्टेटसला टाकून ओपीडी वाढवणंही आचारसंहितेत बसत नाही.

एवढं सगळं असूनही ज्यांना पुण्या-मुंबईला जाणं जमत नाही, त्यांनी जामखेडची आठवण ठेवावी. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या कामाचा कणा होता गावोगावच्या आरोग्य कार्यकर्त्या बायका, त्यांतल्या पुष्कळशा निरक्षर. त्या ठरलेल्या दिवशी जामखेडला जमायच्या, गावात काय झालं ते सांगायच्या, एक विषय शिकायच्या आणि गावी जाऊन तो इतरांना शिकवायच्या. अतिसाराचं मूळ पाण्यात आहे, पोराच्या कुपोषणाचं मूळ घरातल्या अंधश्रद्धेत आणि विहिरीवरच्या जातिभेदात आहे, हे त्या शोधत होत्या, आणि त्यावर उपाय गावातच करत होत्या.

नगर जिल्ह्यात आज विळद घाटात आणि लोणीला वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. शहरात १९१७ पासून चालत आलेलं, गंगाधरशास्त्री गुणे यांच्या नावाचं आयुर्वेद महाविद्यालय आहे. निदानपंचक शिकलेल्या तिथल्या वैद्यांना ‘हेतू शोधा’ हे अमेरिकेहून ऐकायची गरज नाही. तालुक्या-तालुक्यात डॉक्टरांच्या संघटना आहेत. त्यांनी महिन्यातल्या एका रविवारी सकाळी एकत्र बसावं: एक ॲलोपॅथ, एक वैद्य, एक आहारतज्ज्ञ, आणि न सुटलेल्या तीन केसेस. प्रायोजक नको, बॅग नको. जो परिषदेला जाऊन आला असेल, त्याने तिथलं ऐकलेलं या तीन केसेसवर लावून दाखवावं, आणि सहा महिन्यांनी त्या रुग्णांचं काय झालं ते त्याच टेबलावर सांगावं. जागा कोणत्याही महाविद्यालयात मिळेल. पहिली तारीख कुणीतरी ठरवायची बाकी आहे. हा लेख वाचणाऱ्या डॉक्टरांनी ती ठरवावी.